कुळांची नोंद

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गरम झऱ्यांच्या कडेची माती हाताला चटका देते. त्या मातीत एक साधं, लवदार गवत हिरवंगार उभं असतं. पाहणारा सहज म्हणेल, काय चिवट जात आहे!

या गवताच्या आत कर्व्ह्युलेरिया नावाची बुरशी राहते. दोघं एकत्र असली की 65 अंश सेल्सियसची माती सोसतात. वेगळी केली की 38 अंशांपुढे एकाचाही निभाव लागत नाही. एवढं 2002 साली कळलं होतं. मग 2007 मध्ये मर्लिन रूसिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या बुरशीच्याही पोटात एक विषाणू सापडला. तो काढून टाकला तर बुरशी जगली, पण गवताला वाचवेना. परत घातला, गवत पुन्हा तगलं. विषाणूसकट ती बुरशी टोमॅटोच्या रोपात सोडली, तर टोमॅटोही जास्त उष्णता सोसू लागला. गवतात बुरशी, बुरशीत विषाणू. आता हा चिवटपणा सातबाऱ्यावर कुणाच्या नावे लावायचा? मालक म्हणून दिसतं ते गवत, पण कसणारी कुळं आत आहेत.

आपल्या बांधावरच्या सुबाभळीचंही तसंच. पाला प्रथिनांनी भरलेला, पण त्यात मिमोसिन असतं. जनावराला नुसता तोच घातला तर केस गळतात, थायरॉइडची ग्रंथी सुजते. म्हणून दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्या, असं सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या गुरांना हाच त्रास होता. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र हाच पाला खाऊन धडधाकट. संशोधक रेमंड जोन्स यांना वाटलं, फरक शेळीत नसेल, तिच्या कोटीपोटातल्या जिवाणूंत असेल. 1980च्या दशकात तिथले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले गेले आणि दुधाला विरजण लागावं तसं झालं: विष पचू लागलं. एका जनावराला हे जिवाणू दिले की ते कळपातल्या इतरांपर्यंत आपोआप पोचायचे.

याला मैत्री म्हणायला मी तयार नाही. त्या जिवाणूला जनावराच्या पोटात जागा मिळते. बुरशीला गवतात आसरा आणि अन्न मिळतं. शिवाय कुळावर विसंबणं अंगाशीही येतं. वाटाण्यावरचा मावा बुखनेरा या जिवाणूवाचून नीट वाढू शकत नाही. त्या जिवाणूच्या डीएनएतलं एकच अक्षर गळलं, तर उन्हाचा तडाखा बसलेल्या माव्याला पिल्लं जवळजवळ होतच नाहीत. मावा तोच, त्याची जनुकं तीच.

तरी आपण दुष्काळात टिकणारं वाण शोधतो, म्हणजे त्या वाणाचीच जनुकं चाळतो. हा अर्धाच शोध आहे. बियाण्याच्या पिशवीवर वाणाचं नाव असतं, उगवणशक्ती असते, शुद्धतेची टक्केवारी असते. कुळांसाठी रकाना नसतो.