मुक्या जिवाचं दुखणं



मांजर अंग चोरून बसतं, मान पुढे ताणतं आणि खोकू लागतं. घरातले म्हणतात, "केसांचा गोळा अडकला असेल." अंग चाटताना केस पोटात जातात, कधी उलटीतून पडतात, हे खरं. पण वारंवार खोकूनही काहीच बाहेर येत नसेल, तर ते दम्याचंही लक्षण असू शकतं. उदबत्ती, डासांची कॉइल, सिगारेट यांचा धूर हा त्रास वाढवतो. उलटीमागे जंत, गिळलेला दोरा, मूत्रपिंडाचा विकार किंवा चावलेलं लिलीचं पान असू शकतं. लिली मांजराला अतिशय विषारी असते.

म्हणून खोकल्याचं मोबाइलवर चित्रण करा, उलटीची वेळ आणि त्याआधीचं खाणं लिहून ठेवा, आणि पशुवैद्यांना दाखवा. तोंड उघडून धापा टाकत असेल, तर लगेच न्या. आपली औषधं देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

ज्याला सांगता येत नाही, त्याच्याबद्दल अंदाजावर विसंबू नये. मायेने जवळ घेणं सोपं आहे; रोज नीट पाहणं, शंका येताच विचारणं, ही त्याहून मोठी माया आहे. घरातल्या प्रत्येक मुक्या जिवाचा तो हक्क आहे.