चालीत बसवलेला द्वेष

रवांडात जुलै १९९३मध्ये ‘आरटीएलएम’ हे खासगी रेडिओ केंद्र सुरू झाले आणि लोकप्रिय झाले ते गाण्यांमुळे. सरकारी रेडिओच्या कोरड्या निवेदनांना कंटाळलेल्या तरुणांना तिथे काँगोचे नाचरे संगीत मिळे, निवेदकांच्या गप्पा आणि थट्टामस्करी मिळे. त्याच ओघात अल्पसंख्याक तुत्सी समाजाला ‘झुरळे’ म्हटले जाई. एप्रिल १९९४मध्ये तुत्सींचे हत्याकांड सुरू झाल्यावर याच केंद्राने कोणाला कुठे शोधायचे, तेही सांगितले. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. सिमोन बिकिंदी या नामवंत गायकाची गाणी तिथे वारंवार लागत. त्यांत कत्तलीची थेट आज्ञा नव्हती. बहुसंख्य हुतू समाजातल्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांचा गौरव होता, तुत्सी राजवटीतल्या जुन्या जाचाची आठवण होती आणि एकजुटीची हाक होती. एक गाणे तर १९८७मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवासाठी रचलेले होते. या हत्याकांडाचे खटले चालवणाऱ्या, टांझानियातल्या अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २००८मध्ये बिकिंदीला १५ वर्षांची शिक्षा दिली, ती गाडीवरच्या लाऊडस्पीकरवरून तुत्सींना संपवण्याचे आवाहन केल्याबद्दल. गाणी द्वेष भडकवायला वापरली गेली, हे न्यायाधीशांनी मान्य केले. पण ती रचताना हिंसेचाच हेतू होता, हे निःसंशय सिद्ध झाले नाही. हा निकाल मला योग्य वाटतो. गाण्याला तुरुंगात टाकता येत नाही, टाकूही नये. म्हणूनच गाण्याची जबाबदारी ते ज्यांच्या ओठांवर येते त्यांच्यावर अधिक पडते.

भाषण ऐकताना ‘हे खरे कशावरून?’ असे निदान मनात तरी विचारता येते. तेच वाक्य ठेक्यावर बसले, शंभर जणांनी उचलून धरले, की प्रश्न विचारायला उसंतच उरत नाही. आपण त्याला होकार देत नाही. आपण ते म्हणू लागतो, आणि स्वतःच्या तोंडून निघालेले स्वतःचेच वाटू लागते. स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ यांनी २००९मध्ये प्रयोगांतून दाखवले, की एका पावलाने चाललेली, एका सुरात गायलेली माणसे नंतर एकमेकांशी अधिक सहकार्य करतात. विल्टरमथ यांच्या २०१२मधल्या प्रयोगाचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे: प्रयोगकर्त्याबरोबर पावलाला पाऊल मिळवून चाललेल्यांनी त्याच्या सांगण्यावरून किडे मारायलाही अधिक तयारी दाखवली. किडे आणि माणसे यांत अंतर आहे, हे खरे. पण ते अंतर पुसण्याचेच काम ‘झुरळे’ हा शब्द करत होता.

यावर आक्षेप असा, की रेडिओमुळे कोणी खुनी होत नाही. स्कॉट स्ट्राउस या अभ्यासकाने रवांडातल्या शिक्षा झालेल्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा बहुतेकांना टोळीत ओढले होते ते समोर आलेल्या माणसांनी, रेडिओने नव्हे. दुसरीकडे डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांनी डोंगरांमुळे कुठे प्रक्षेपण पोहोचत होते आणि कुठे नाही, याची तुलना करून हिंसेतला सुमारे १० टक्के सहभाग या केंद्राच्या खाती मांडला. दोन्ही निष्कर्ष एकत्र खरे असू शकतात. दारात उभा राहिलेला शेजारी माणसाला बाहेर काढतो. पण तो काय बोलतो आहे, हे कानाला आधीच ओळखीचे झालेले असते.

दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो. एस्टोनियातही १९८८मध्ये लाखो लोक टाल्लिनच्या मैदानात एकत्र गायले. सोव्हिएत सत्तेपासून स्वतंत्र होण्याच्या त्या लढ्याला ‘गाती क्रांती’ म्हणतात. टाळ-मृदंगाच्या गजरात चालणाऱ्या वारीचे सामर्थ्यही याच ठेक्यात आहे. मग दोष सुराचा कसा? नाहीच. कोणाला तरी वगळल्याशिवाय, कोणाला तरी हिणवल्याशिवाय ते गाणे पुरे होते की नाही, एवढेच पाहायचे. माणसे जोडायला ज्या गाण्याला शत्रू लागतो, त्यातल्या गोडव्यापासून मी सावध राहीन.

म्हणून वाचकांना एक विनंती. मिरवणुकीतली घोषणा किंवा मोबाइलवर आलेले गाणे ओठांवर येईल, तेव्हा त्याची चाल काढून टाका आणि नुसते शब्द एकट्याने, सावकाश, मोठ्याने म्हणून पाहा. ते ज्यांच्याविषयी आहेत, त्यांच्या मुलांसमोर म्हणता येत नसतील, तर गर्दीतही म्हणू नका.