नावाचा बाजार

भोरहून वरंध घाट उतरला, किंवा वेल्ह्यातील केळदहून मढे घाटाची वाट धरली, की महाड तालुका लागतो. या महाडला 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या पाण्यावरील हक्क उच्च न्यायालयात मान्य व्हायला 1937 साल उजाडले. आज घाटाच्या दोन्ही अंगांना बाबासाहेबांची तसबीर, बिल्ला, निळा झेंडा बाजारात मिळतो. एवढ्या मोलाने मिळवलेल्या नावाचा असा विक्रय व्हावा काय?

या विक्रेत्यांवर आसूड ओढायला आम्ही धजत नाही. बांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणबत्त्या आणि मेणाचे हातपाय आपणही विकतच घेतो. शिवाय 6 डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीजवळ तसबिरींच्या शेजारी पुस्तकांचीही दुकाने लागतात, आणि दिवसभराची भाकरी बांधून आलेली माणसे तेथे पुस्तकांसाठी गाठ सोडतात. खुद्द बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरील आपले न होऊ शकलेले लाहोरचे भाषण 1936 साली स्वतः छापून विकले; पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. तेव्हा मोल घेणे हे पाप नव्हे. विकताना काय गाळले जाते, हे पाहावे.

अमेरिकेत 2018 साली एका मालमोटारीच्या जाहिरातीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या प्रवचनाचा आवाज वापरला गेला. किंग यांच्या वारशाचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने तशी परवानगी दिली होती. सेवेची थोरवी सांगणारा भाग तेवढा घेतला. जाहिरातींना भुलून ऐपतीबाहेरच्या मोटारी घेऊ नका, असेही किंग यांनी 1968 च्या त्याच प्रवचनात बजावले होते. ते अर्थातच ऐकू आले नाही.

आपल्याकडे परवानगीचाही प्रश्न उरलेला नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील स्वामित्वहक्क 2016 अखेर संपला. पण जयंतीच्या फलकावर दिसतात ती देणगीदारांची छायाचित्रे. लेखनातली एक ओळ शोधावी लागते. राज्य शासनाने 1979 पासून काढलेले त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड अल्प किमतीचे, म्हणजे गरिबाच्या घरात जावेत असे. त्यांची छपाई रखडल्याची दखल 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. त्या वर्षी तसबिरींचा तुटवडा पडल्याचे आम्हांला तरी स्मरत नाही.