अविधवा नवमी : आठवण म्हणजे मोह नव्हे

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



पितृपक्ष जवळ आला आहे. त्यातली वद्य नवमी ती अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, सवाष्णपणी गेलेल्या बाईच्या श्राद्धाचा हा दिवस. त्या निमित्ताने आमची एक चूक आज सगळ्यांसमोर सांगतो.

आमच्या इंदूरच्या गुरुवारच्या सत्संगात एक काका येतात. ५१ वर्षांचा संसार झाला आणि चैत्रात काकू गेल्या. एकदा आरतीनंतर काका म्हणाले, "माळ हातात घेतली की नाम येतच नाही. तिचीच हाक येते, 'अहो, गॅस बंद केलात का?'" आम्ही लगेच उपदेश केला, "काका, आता मोह सोडा. नामात मन घाला." काका नुसते हसले. पुढचे तीन गुरुवार आलेच नाहीत.

चौथ्या गुरुवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. बघतो तर काका कापूस घेऊन वाती वळत बसलेले. तेव्हा कळलं, आपल्या आरतीच्या वाती इतकी वर्षं काकू वळून देत होत्या. आम्हाला पत्ताही नव्हता. काका म्हणाले, "तिची सेवा खंडू नये. पण मला नीट जमत नाही हो. जरा बऱ्या झाल्या की घेऊन येणार होतो."

काय बोलावं सुचेना. आम्ही ज्याला मोह समजलो, ती तर सेवा होती.

मोह म्हणतो, माझं माणूस मला परत हवं. स्मरण म्हणतं, तिचं काम माझ्या हातून चालू राहो. डोळ्यांत पाणी दोन्हीकडे असतं. पाणी आलं म्हणजे श्रद्धा कमी पडली, असं कुणी समजू नये. नवविधा भक्तीत स्मरण तिसरं आणि सख्य आठवं. सप्तपदीचं सातवं पाऊलही सख्याचंच. ज्याने पन्नास वर्षं एका माणसाशी सख्य निभावलं, त्याला देवाशी सख्य करायला आपण काय शिकवणार?

रमाबाई रानड्यांचं बघा. लग्नानंतर न्यायमूर्तींनी त्यांना शिकवलं. १९०१ साली न्यायमूर्ती गेले. १९०९ मध्ये रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं, बायकांच्या शिक्षणासाठी राबल्या. पुढच्याच वर्षी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचं पुस्तक आलं. नवऱ्याने दिलेली विद्या त्यांनी दुसऱ्यांच्या लेकीसुनांना वाटली. हेही श्राद्धच.

तेव्हा एक विनंती. घरात आजी किंवा आजोबा एकटे राहिले असतील, तर त्यांनी आठवण काढल्यावर विषय बदलू नका. "रडू नका" म्हणू नका. जवळ बसा आणि विचारा, "मग पुढे काय झालं?" नवमीला सवाष्ण जेवू घालाल, तेव्हा गेलेल्या माउलीचं एखादं राहिलेलं काम हाती घ्या. तिची तुळस असेल, पारायण असेल, कुणाला दर महिन्याला दिलेला शिधा असेल.

काका परत येऊ लागले आहेत. गेल्या गुरुवारी निरांजनात त्यांच्याच वाती लागल्या, थोड्या वाकड्या. जपाचं विचारलं तर म्हणाले, "हाक अजून येते. मी 'हो, बंद केला' म्हणतो आणि पुढचा मणी ओढतो."

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥