३०० वर्षांची माती

आपण राबावे आणि फळ मात्र अजून न जन्मलेल्यांनी चाखावे, ही निव्वळ उदारता म्हणावी की कर्तव्य? अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सेंट जॉन्स या बेनेडिक्टाइन मठाच्या आवारात, रिचर्ड ब्रेस्नाहान या कुंभाराने १९७९ साली चाक मांडले. उमेदवारी त्यांनी जपानमध्ये केली होती. जवळच चिकणमातीचा थर सापडला, तेव्हा त्यांनी सुमारे ३०० वर्षे पुरेल इतकी माती साठवून ठेवली!

तेथला हिवाळा कुंभाराचा वैरीच. हिमवादळात वाटा बुजतात. ओले भांडे गारठ्यात राहिले तर आतले पाणी गोठून फुगते आणि भांडे तडकते. १९९४ साली बांधलेली ८७ फुटी ‘जोहाना’ भट्टी वरचेवर पेटत नाही. पेटली की सुमारे दहा दिवस अहोरात्र लाकूड घालायचे. मग ती निवेपर्यंत हात बांधून बसायचे. (घाईने उघडली तर सारेच मातीमोल.) अशा संथ धंद्यात एका आयुष्यात किती माती खपणार?

कोणी म्हणेल, ३०० वर्षांनी तेथे चाक फिरेलच कशावरून? शंका रास्त आहे. परंतु पुढच्यांनी चाक फिरवावे असा आग्रह या साठ्यात नाहीच. फिरवावेसे वाटले तर माती असावी, इतकेच आहे. वाडवडिलांची जमीन विकताना आपण मुलांसाठी एवढी तरी मोकळीक राखतो काय? म्हणून आम्ही यास दान म्हणत नाही, देणे म्हणतो. आणि ज्यांचे ते देणे आहे, ते मागावयास अजून आलेले नाहीत.