घाट चढण्याआधी

विसरवाडीत सुरत-धुळे हायवेला लागून एक वजनकाटा होता. पावत्या आणि हिशेबासाठी मालकाच्या भाच्याने पर्लमध्ये प्रोग्राम लिहून दिला होता. पोरगा हुशार, पण घाईचा. महिनाअखेरचा एक्सेलचा तक्ता बनवणारं मॉड्यूल त्याने 'रिक्वायर'ने मागवलं होतं, तेही शेवटच्या तारखेच्या 'इफ'मध्ये. त्या ओळीवर पोचेपर्यंत पर्ल असल्या मॉड्यूलचं नावही काढत नाही.

पुढे कॉम्प्युटर बदलला. पोराने 'पर्ल -सी' चालवून पाहिलं, 'सिंटॅक्स ओके' आलं. ही तपासणी 'रिक्वायर'च्या वाटेला जात नाही, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. महिनाभर पावत्या धडाधड निघाल्या. शेवटच्या तारखेला रात्री हिशेब मागितला आणि पडद्यावर आलं, 'कान्ट लोकेट...' नव्या कॉम्प्युटरवर ते मॉड्यूल टाकलंच नव्हतं.

मामांनी उमेदीत ट्रक चालवलेला. म्हणाले, "कोंडाईबारीचा घाट लागल्यावर जॅक शोधतोस होय रे? स्टेपनी, जॅक, पाना इथंच बघून घ्यायचं असतं."

पोराने 'रिक्वायर' खोडून 'यूज' लिहिलं. जागा तीच, 'इफ'च्या आत. नेट बंद, म्हणून मॉड्यूल काही टाकता आलं नाही. पण उद्या एक तारीख, तिथवर प्रोग्राम जाणारच नाही, असा त्याचा हिशेब. सकाळी साधी पावतीही निघेना. 'यूज' म्हणजे 'बिगिन' ब्लॉकमधलं 'रिक्वायर' आणि 'इम्पोर्ट'. प्रोग्राम कंपाइल होतानाच ते चालतं. भोवती कुठला 'इफ' आहे हे बघत नाही. काट्यावर ट्रकांची रांग लागली, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागले.

मामा वैतागले. "अरे, हमाल काय इथून गाडीत बसवून नेतो का आपण? ते धुळ्यात घ्यायचे. पण तिथं नाही भेटले तर माल कसा उतरवायचा, ते निघतानाच ठरवायचं!"

पोराने पुन्हा कोड उघडला. पावतीला डेटाबेस लागतोच, म्हणून 'डीबीआय' सगळ्यात वर 'यूज'ने घेतलं. नसेल तर काटा उघडतानाच कळू दे. एक्सेलचं मॉड्यूल 'इव्हॅल'मध्ये घालून 'रिक्वायर' केलं. सापडलं तर तक्ता, नाही सापडलं तर तोच हिशेब साध्या सीएसव्ही फाईलमध्ये.

त्या महिन्याचा हिशेब सीएसव्हीतच निघाला. मामांनी तो तसाच सीएकडे पाठवला, आणि सीएने काही विचारलंही नाही.