चुकीचे मोल

जुन्या चित्रकार्डांच्या अमेरिकन बाजारात एक नवल पाहावयास मिळते. तेथे बिनचूक छापलेल्या कार्डापेक्षा चुकलेले कार्ड कधीकधी कितीतरी पट महाग विकले जाते. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची लहान रंगीत कार्डे वाटली. त्यांत फिलाडेल्फियाच्या शेरी मॅगी या खेळाडूचे एक कार्ड होते. त्याच्या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांत एका ‘ई’च्या जागी ‘आय’ पडला. पुढे ती चूक सुधारण्यात आली; म्हणून चुकलेली कार्डे थोडीच राहिली, आणि संग्राहक नेमकी तीच शोधीत असतात.

सकृद्दर्शनी हा न्याय उफराटा वाटतो. ज्याने १९१० साली नॅशनल लीगमध्ये फलंदाजीत पहिला क्रमांक मिळविला, त्याच्या खऱ्या नावाला मोल कमी आणि बिघडलेल्या नावाला अधिक!

परंतु १९५७ सालचे टॉप्स कंपनीचे हँक एरनचे कार्ड पाहावे. छायाचित्र उलटे छापले गेले आणि उजव्या हाताचा हा फलंदाज डावखुरा दिसू लागला. ही चूक अक्षराच्या चुकीहून मोठी. पण ती कधीच सुधारली गेली नाही. सर्व प्रती सारख्याच. त्या कार्डाला किंमत येते ती एरनच्या कीर्तीमुळे, चुकीमुळे नव्हे.

तेव्हा मोल चुकीचे नसून दुरुस्तीचे आहे, असे आम्हांस वाटते. छापखान्यात कोणी ते अक्षर बदलले नसते, तर मॅगीचे चुकलेले कार्ड दुर्मिळ झालेच नसते.

आमच्या व्यवसायातही हा प्रश्न रोज उभा राहतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम १५२ अन्वये निकालपत्रातील लेखनप्रमाद न्यायालयास केव्हाही सुधारता येतो. तरीही एका वृद्ध पक्षकारास आम्ही एकदा सांगितले होते, “सगळ्या कागदांवर असेच लिहिले आहे; आता असू द्या.” ते शांतपणे म्हणाले, “वकीलसाहेब, नाव माझ्या वडिलांचे आहे.” आम्ही ओशाळलो आणि त्याच दिवशी अर्ज लिहावयास घेतला.

सर्वत्र एकसारखी झालेली चूक हळूहळू सत्य म्हणून चालू लागते. तिला चूक म्हणणे हे कोणाचे तरी कर्तव्य असते; आणि ते आपले नव्हे, असे समजण्याचा मोह आम्हांलाही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.